डूम ३

डूम ३ हा आयडी सॉफ्टवेअर या अमेरिकी कंपनीने तयार केलेला आणि अ‍ॅक्टिव्हिजनने प्रकाशित केलेला भयप्रधान फर्स्ट-पर्सन शूटर, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून दिसणारा नेमबाजीचा व्हिडिओ गेम आहे. तो ३ ऑगस्ट २००४ रोजी अमेरिकेत विंडोज प्रणालीसाठी प्रकाशित झाला. इ.स. २१४५ मधील मंगळावरील एका संशोधन तळावर तो घडतो. डूम (१९९३) आणि डूम २ (१९९४) यांनंतर आलेला हा खेळ त्यांची पुढची कथा सांगत नाही. पहिल्या डूमचीच कथा तो नव्या रूपात मांडतो.

प्रकाश आणि सावल्या खेळ सुरू असतानाच मोजण्याच्या तंत्रामुळे हा खेळ आपल्या काळातील सर्वांत देखण्या खेळांपैकी एक मानला गेला. मात्र तो खेळायला कसा आहे, याविषयी समीक्षक आणि खेळाडूंमध्ये मतभेद राहिले. विशेषतः विजेरी (टॉर्च) आणि शस्त्र एकाच वेळी हाती धरता न येण्याच्या नियमावरून मोठा वाद झाला. व्हिडिओ गेमचे दृश्यसौंदर्य त्याच्या खेळण्यापासून वेगळे काढून तपासता येते का, या प्रश्नाच्या चर्चेत डूम ३ हे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

आयडी सॉफ्टवेअरचा पहिला डूम १० डिसेंबर १९९३ रोजी प्रकाशित झाला. त्याच्या लोकप्रियतेमुळे नेमबाजी खेळांचा हा प्रकार जगभर रुजला. वेगवान हालचाल, एकाच वेळी अंगावर येणारे अनेक राक्षस आणि चक्रव्यूहासारख्या इमारती ही त्या खेळाची वैशिष्ट्ये होती. त्याला भयाची छटा असली तरी त्याचा मुख्य रस थराराचा होता.

१९९९ मध्ये आलेला क्वेक ३ अरीना हा कंपनीचा खेळ प्रामुख्याने एकमेकांविरुद्ध खेळण्यासाठी होता आणि त्यात कथेला जवळजवळ स्थान नव्हते. त्यानंतर काय करावे यावरून कंपनीत मतभेद झाले. केव्हिन क्लाउड आणि एड्रियन कारमॅक या दोन मालकांचा डूम पुन्हा नव्याने करण्यास विरोध होता. मुख्य प्रोग्रामर जॉन कारमॅक आणि इतर काही सहकाऱ्यांनी मात्र त्याचा आग्रह धरला. अखेर जून २००० मध्ये जॉन कारमॅक यांनी नव्या डूमचे काम सुरू होत असल्याचे जाहीर केले. (जॉन आणि एड्रियन यांचे आडनाव एक असले तरी ते परस्परांचे नातेवाईक नाहीत.)

निर्मिती

खेळाचे काम चार वर्षे चालले. टिम विलिट्स हे त्याचे प्रमुख रचनाकार होते. कथा आणि संवादांसाठी मॅथ्यू कॉस्टेलो या लेखकाची मदत घेण्यात आली. आधीच्या खेळांत कथेचे स्वरूप काही ओळींपुरते मर्यादित होते. येथे मात्र आधी कथा आणि वातावरण ठरवून त्यानुसार तळाची दालने रचण्यात आली.

नव्या तंत्राचे पहिले जाहीर दर्शन फेब्रुवारी २००१ मध्ये टोकियो येथील मॅकवर्ल्ड प्रदर्शनात घडले. २००२ च्या ई-३ प्रदर्शनात खेळ दाखवण्यात आला आणि त्या वर्षीच्या गेम क्रिटिक्स पुरस्कारांत प्रदर्शनातील सर्वोत्तम खेळाचा मान त्याला मिळाला. त्याच प्रदर्शनातील अपूर्ण प्रत काही महिन्यांनी इंटरनेटवर फुटली. त्यामुळे प्रकाशनाच्या दोन वर्षे आधीच अनेकांनी आपल्या संगणकावर त्याची झलक पाहिली होती आणि खेळाविषयीच्या अपेक्षा चित्रांवरूनच तयार झाल्या होत्या. पुढे झालेल्या मूल्यमापनावर या अपेक्षांची छाया राहिली.

ध्वनी आणि संगीताची जबाबदारी प्रारंभी नाइन इंच नेल्स या संगीतगटाचे ट्रेंट रेझ्नर यांच्याकडे होती. परंतु ते प्रकल्पातून बाहेर पडले. खेळाचे शीर्षकसंगीत त्याच गटाचे माजी ढोलवादक ख्रिस व्हरेना यांनी क्लिंट वॉल्श यांच्या साहाय्याने तयार केले.

कथानक

युनियन एरोस्पेस कॉर्पोरेशन ही बलाढ्य कंपनी मंगळावर एका मोठ्या तळावर संशोधन करीत असते. तेथील डेल्टा प्रयोगशाळांमध्ये वस्तू आणि माणसे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी क्षणात पाठवण्याचे प्रयोग डॉ. माल्कम बेट्रूगर यांच्या देखरेखीखाली चाललेले असतात. तळावर अपघात आणि भासांच्या तक्रारी वाढल्यामुळे कंपनीचा प्रतिनिधी एलियट स्वॉन आणि त्याचा अंगरक्षक जॅक कॅम्पबेल चौकशीसाठी येतात. त्यांच्याच यानातून एक निनावी सैनिक तळावर रुजू होतो. खेळाडू या सैनिकाची भूमिका करतो.

सार्जंट केली त्याला एका बेपत्ता शास्त्रज्ञाचा शोध घेण्यास पाठवतो. शास्त्रज्ञ सापडतो त्याच क्षणी प्रयोगातून नरकाचे दार उघडते. तळावरील बहुतेक माणसे प्रेतवत होऊन उरलेल्यांवर हल्ला करू लागतात आणि नरकातील राक्षस तळावर उतरतात. पृथ्वीकडे मदतीची हाक द्यावी की नाही, असा निर्णय एका टप्प्यावर खेळाडूपुढे येतो. मदतीला आलेली जहाजे राक्षसांना पृथ्वीवर पोहोचवण्याचे साधन ठरतील, अशी भीती त्यामागे असते. पुढे सैनिकाला प्रत्यक्ष नरकात जावे लागते. मंगळावरील प्राचीन संस्कृतीने राक्षसांना रोखण्यासाठी घडवलेले सोल क्यूब हे शस्त्र तो तेथून परत आणतो. मंगळाच्या पृष्ठाखालील उत्खननस्थळी सायबरडेमन या राक्षसाच्या पराभवाने कथा संपते. बेट्रूगर मात्र जिवंत राहतो आणि पुढील भागासाठी वाट मोकळी राहते.

खेळण्याची पद्धत

खेळाडू तळाच्या अरुंद मार्गिका, प्रयोगशाळा, यंत्रघरे आणि भांडारे यांतून वाट काढतो. पिस्तूल, शॉटगन, मशिनगन, प्लाझ्मा गन, रॉकेट लाँचर, यांत्रिक करवत आणि बीएफजी ९००० ही शस्त्रे टप्प्याटप्प्याने मिळतात. पहिल्या डूमप्रमाणे राक्षसांचे थवे येथे फारसे येत नाहीत. बहुधा एक ते चार शत्रू जवळून आणि अनपेक्षितपणे हल्ला करतात.

तळावरील प्रत्येक कर्मचाऱ्याकडे हातात मावणारा एक छोटा संगणक असतो. मृतांचे असे संगणक गोळा करून खेळाडू त्यांचे ई-मेल वाचू शकतो आणि त्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या नोंदी ऐकू शकतो. कुलूपबंद कपाटांचे संकेतांक त्यांतच दडलेले असतात. त्यामुळे दारूगोळा हवा असेल तर मेलेल्या माणसांच्या तक्रारी, कुरबुरी आणि भीती ऐकणे खेळाडूला भाग पडते. एका जाहिरातवजा ई-मेलमध्ये दिलेला संकेतस्थळाचा पत्ता प्रत्यक्ष इंटरनेटवर अस्तित्वात होता आणि तेथे गेल्यावर काही कपाटांचा संकेतांक मिळत असे.

तळावरील संगणकांचे पडदे वापरण्यासाठी खेळ थांबत नाही. खेळाडू पडद्याजवळ गेला की त्याच्या शस्त्राचा रोख बाजूला होतो आणि त्या जागी संगणकाचा बाण येतो. दार उघडण्यासाठी पडद्याकडे पाहत असताना पाठीमागून हल्ला होण्याची शक्यता कायम राहते.

खेळातील सर्वाधिक चर्चिलेले साधन म्हणजे विजेरी. ती कधीही वापरता येते आणि तिची शक्ती संपत नाही. परंतु ती हाती असताना शस्त्र वापरता येत नाही. शस्त्र उचलले की विजेरी खाली जाते आणि समोरचा भाग पुन्हा अंधारात बुडतो. त्यामुळे प्रत्येक अंधाऱ्या खोलीत ‘पाहावे की झाडावे’ अशी निवड खेळाडूला करावी लागते.

प्रकाश आणि सावलीचे तंत्र

डूम ३ च्या दृश्यांचा पाया आयडी टेक ४ हे ग्राफिक्स इंजिन आहे. त्याआधीच्या बहुतेक त्रिमितीय खेळांत भिंती, जमीन आणि छतावर पडणारा प्रकाश खेळ तयार होत असतानाच मोजला जात असे. तो एखाद्या रंगलेपाप्रमाणे पृष्ठभागांवर कायमचा चढवला जाई. असा प्रकाश सुंदर दिसे, पण तो बदलू शकत नसे. चालत्या पात्रांचा प्रकाश वेगळ्या, ढोबळ रीतीने काढला जाई आणि त्यांच्या पायाखाली अनेकदा केवळ एक काळसर डाग सावली म्हणून दाखवला जाई. त्यामुळे पात्रे परिसरापासून सुटी वाटत.

डूम ३ मध्ये भिंत, यंत्र, राक्षस आणि माणूस या सर्वांना एकच नियम लावला गेला. प्रत्येक दिव्याचा प्रकाश प्रत्येक पृष्ठभागावर किती पडतो आणि मध्ये कोण आडवे येते, हे पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक चित्रासाठी नव्याने मोजले जाते. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथील हत्तीखाना लेण्यांसारख्या, खडकात खोदलेल्या खांबांच्या मंडपाची कल्पना केली तर हा फरक समजतो. तेथे रात्री एक कंदील टांगला आणि तो वाऱ्याने झुलू लागला, तर सर्व खांबांच्या सावल्या एकाच वेळी भिंतींवरून सरकू लागतील. मंडपात कोणी माणूस शिरला तर त्याची सावली त्याच्याआधी भिंतीवर पोहोचेल. जुन्या पद्धतीत खांबांच्या सावल्या रंगवलेल्या असत आणि कंदील झुलला तरी त्या हलत नसत. डूम ३ मध्ये त्या हलतात. त्यामुळे राक्षस दिसण्यापूर्वी त्याची सावली दिसणे हा खेळाचाच भाग होऊ शकला.

यासाठी सावलीचे घनक्षेत्र ही पद्धत वापरण्यात आली. दिव्यापासून पाहिले असता वस्तूची जी बाह्यकडा दिसते, ती दिव्याच्या विरुद्ध दिशेला ताणून एक अदृश्य घन आकार तयार केला जातो. त्याच्या आत येणारा प्रत्येक बिंदू सावलीत असतो. एखादा बिंदू आत आहे की बाहेर, हे ठरवण्यासाठी दृष्टिरेषा या आकारात किती वेळा शिरते आणि किती वेळा बाहेर पडते याची मोजणी होते. पाहणाराच सावलीत उभा असेल तर ही मोजणी चुकते. ती अडचण दूर करण्यासाठी मोजणी डोळ्यापासून न करता पृष्ठभागाच्या पलीकडून करण्याची युक्ती जॉन कारमॅक यांनी वापरली. ती ‘कारमॅक्स रिव्हर्स’ या नावाने प्रसिद्ध झाली. तीच युक्ती क्रिएटिव्ह या कंपनीच्या दोन तंत्रज्ञांनी स्वतंत्रपणे शोधली होती आणि तिच्या एकस्वासाठी (पेटंटसाठी) १९९९ मध्ये अर्ज झाला होता. त्यामुळे २००४ मध्ये आयडीला या कंपनीशी समझोता करावा लागला. तिच्या ईएएक्स या ध्वनितंत्राचा समावेश डूम ३ मध्ये होण्यामागे हे कारण होते.

या तंत्राची किंमतही मोठी होती. प्रत्येक दिव्यासाठी पृष्ठभाग पुन्हा रेखाटावे लागत आणि आकृती जितकी बारकाव्याची तितका सावलीचा हिशेब वाढत जाई. म्हणून पात्रांच्या आकृती कमी बहुभुजांच्या ठेवण्यात आल्या. आधी अतिशय तपशीलवार आकृती घडवून तिच्या पृष्ठभागाचा चढउतार एका चित्रात नोंदवला जाई आणि ते चित्र साध्या आकृतीवर चढवले जाई. त्यामुळे सपाट भागावरही सुरकुत्या, स्नायू आणि खिळे उठावदार दिसत. जवळून पाहिल्यास मात्र डोके आणि खांदे यांची बाह्यरेखा कोनयुक्त असल्याचे लक्षात येई.

इतर मर्यादाही याच निवडीतून आल्या. सावल्यांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या स्पष्ट दिसत. प्रत्यक्षात त्या दूर जाताना विरळ होतात. भिंतीवरून परावर्तित होऊन कोपऱ्यात पोहोचणारा मंद उजेड या पद्धतीत धरला जात नसे. त्यामुळे जेथे थेट दिवा पोहोचत नाही तेथे पूर्ण काळोख असे. एकाच वेळी फार दिवे किंवा फार शत्रू दाखवणे अवघड होते आणि मोकळ्या, उजेडाच्या प्रदेशापेक्षा बंद दालने या इंजिनला अधिक मानवत. अरुंद मार्गिका, थोडे शत्रू आणि गडद काळोख ही खेळाची भयप्रधान ओळख आणि तंत्राच्या मर्यादा यांचा असा मेळ बसलेला होता.

ध्वनी

खेळात पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. नळांतील वाफ, यंत्रांची घरघर, दूरच्या किंकाळ्या आणि कुजबुज यांनी शांततेची जागा घेतली आहे. अंधारात शत्रू दिसत नसल्यामुळे त्याची दिशा कानांनीच ओळखावी लागते. म्हणून सभोवार ध्वनी देणाऱ्या स्पीकरांवर किंवा हेडफोनवर खेळाचा परिणाम बराच वाढतो.

प्रकाशन

अमेरिकेनंतर १३ ऑगस्ट २००४ रोजी खेळ युरोपात उपलब्ध झाला. लिनक्ससाठी तो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आणि मॅकसाठी मार्च २००५ मध्ये आला. एक्सबॉक्ससाठीची आवृत्ती व्हिकेरियस व्हिजन्सने तयार केली. ती एप्रिल २००५ मध्ये प्रकाशित झाली आणि तीत दोघांनी मिळून खेळण्याची सोय होती. रिझरेक्शन ऑफ ईव्हिल हा नर्व्ह सॉफ्टवेअरने केलेला पुढचा भागही त्याच महिन्यात आला.

खेळासाठी किमान १.५ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ४ किंवा त्या तोडीचा प्रोसेसर, ३८४ मेगाबाइट स्मृती आणि ६४ मेगाबाइट स्मृतीचे ग्राफिक्स कार्ड आवश्यक होते. सर्वोच्च चित्रगुणवत्तेसाठी ५१२ मेगाबाइट स्मृतीचे ग्राफिक्स कार्ड सुचवले होते. त्या वेळी घरगुती बाजारात अशी कार्डे जवळजवळ नव्हतीच. त्यामुळे वृत्तपत्रांत आणि मासिकांत ज्या दृश्यांची प्रशंसा झाली ती सर्व खेळाडूंना सारखीच दिसत नव्हती.

अमेरिकेच्या ईएसआरबी या संस्थेने रक्तपात आणि तीव्र हिंसेमुळे खेळाला सतरा वर्षांवरील व्यक्तींसाठीचे प्रमाणपत्र दिले. भारतात चित्रपटांसाठी प्रमाणन मंडळ असले तरी व्हिडिओ गेमसाठी तशी सक्तीची व्यवस्था त्या काळी नव्हती.

मूल्यमापन

डूम ३ चे स्वागत एकंदरीत अनुकूल झाले. समीक्षांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर विंडोज आवृत्तीला शंभरपैकी ८७ गुण आहेत. आयजीएनने दहापैकी ८.९ आणि गेमस्पॉटने ८.५ गुण दिले. तथापि या आकड्यांतून मतांची विभागणी दिसत नाही. दृश्ये आणि ध्वनी यांविषयी जवळजवळ एकमत होते, तर खेळाची रचना आणि भयाची रीत यांविषयी मते बरीच वेगवेगळी होती.

दृश्यगुण

सावल्यांचा जिवंतपणा, धातूवरील चकाकी, राक्षसांच्या त्वचेचा पोत आणि तळाची यांत्रिक मांडणी यांची मोठी प्रशंसा झाली. केवळ तांत्रिक प्रगती म्हणून ही प्रशंसा झाली नाही. दालनांतील फुटके नळ, लुकलुकणारे दिवे आणि चालू राहिलेली यंत्रे यांमुळे तळावर काही वेळापूर्वीच माणसे वावरत होती, असा प्रत्यय येतो. याउलट, दालनांचा धातुमय राखाडी-तपकिरी रंग आणि एकसारख्या मार्गिका काही तासांनंतर कंटाळवाण्या होतात, असा आक्षेपही घेतला गेला. खेळाच्या उत्तरार्धातील नरकाचा भाग या एकसुरीपणाला छेद देणारा म्हणून वाखाणला गेला.

भयाची रीत

भय निर्माण करण्याच्या पद्धतीवर अधिक टीका झाली. खेळाडूने एखादी वस्तू उचलली की भिंतीतील झडप उघडते आणि तिच्यामागे लपलेला राक्षस झडप घालतो, ही युक्ती खेळात वारंवार येते. पहिल्या काही वेळा ती दचकवते. पुढे मात्र खेळाडू प्रत्येक आमिषामागे झडप गृहीत धरू लागतो आणि दचकण्याची जागा सावध सवयीला मिळते. दचकवणे आणि घाबरवणे यांतील हा भेद भयपटांच्या समीक्षेतही नेहमी केला जातो. दचकणे क्षणाचे असते, तर भीती ही काय होईल ते माहीत नसण्यातून वाढते. डूम ३ चा प्रारंभीचा, राक्षस येण्यापूर्वीचा शांत भाग भीतीच्या दृष्टीने सर्वांत परिणामकारक असल्याचे मत त्यामुळेच मांडले गेले.

विजेरीचा वाद

सर्वाधिक वाद विजेरीवरून झाला. बावीसाव्या शतकातील सैनिकाकडे बंदुकीला विजेरी बांधण्याचीही सोय नसावी, हे अनेकांना हास्यास्पद वाटले. प्रकाशनानंतर थोड्याच दिवसांत एका खेळाडूने ‘डक्ट टेप’ नावाचा बदल तयार केला. त्यात चिकटपट्टीने बांधल्याप्रमाणे बंदुकीलाच विजेरी जोडलेली होती. हा बदल झपाट्याने लोकप्रिय झाला.

नियमाच्या बाजूचा युक्तिवाद असा होता की, असहायतेखेरीज भय उभे राहत नाही. पहिल्या डूममध्ये खेळाडू सर्वशक्तिमान योद्धा असतो. येथे त्याला पाहणे आणि लढणे यांपैकी एकाचा त्याग करावा लागतो, म्हणून अंधाराला अर्थ येतो. विरोधी युक्तिवाद असा की, ही असहायता कथेतून किंवा जगाच्या तर्कातून आलेली नाही. ती रचनाकाराने वरून लादलेली असल्याने खेळाडूला राक्षसाची नव्हे, नियमाची चीड येते.

या वादाला तांत्रिक बाजूही आहे. परावर्तित उजेड नसल्यामुळे खेळातील काळोख नैसर्गिक अंधारापेक्षा अधिक दाट आहे. खऱ्या खोलीत एक दिवा असला तरी कोपऱ्यात काही तरी दिसते. डूम ३ मध्ये ते दिसत नाही. म्हणजे ज्या तंत्राने दृश्ये देखणी केली त्यानेच विजेरी अपरिहार्य केली आणि विजेरीच्या नियमाने लढाईची गती ठरवली. या खेळाच्या बाबतीत ‘दृश्ये उत्तम, खेळ मध्यम’ असा दोन रकान्यांतील निवाडा त्यामुळे अपुरा पडतो. जे एका रकान्यात गुण म्हणून लिहिले जाते तेच दुसऱ्या रकान्यातील दोषाचे कारण असते.

समकालीन खेळांशी तुलना

२००४ हे वर्ष नेमबाजी खेळांच्या दृष्टीने विशेष होते. मार्चमध्ये क्रायटेकचा फार क्राय आला. त्याने विस्तीर्ण बेटे आणि उजेडातील मोकळे प्रदेश दाखवले. नोव्हेंबरमध्ये वाल्व्हचा हाफ-लाइफ २ प्रकाशित झाला. त्याचा बराचसा प्रकाश आधीच मोजलेला होता, त्यामुळे सावल्यांच्या हालचालीत तो डूम ३ इतका पुढे नव्हता. पण परावर्तित उजेडाचा मऊपणा, चेहऱ्यांवरील भाव आणि वस्तू उचलून फेकण्याचे भौतिकीवर आधारलेले खेळ यांमुळे त्याला अधिक मोठी मान्यता मिळाली. २००५ मध्ये मोनोलिथचा एफ.ई.ए.आर. आला. भय आणि नेमबाजी यांची सांगड त्यानेही घातली, परंतु विजेरी आणि बंदूक एकत्र वापरू दिली. भयासाठी त्याने प्रसंगांवर आणि लढाईसाठी शत्रूंच्या चतुर हालचालींवर भर दिला. या तुलनेमुळे डूम ३ चा मार्ग हा एकमेव नव्हता, हे स्पष्ट झाले.

सुधारित आवृत्ती

डूम ३: बीएफजी एडिशन ही आवृत्ती ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज, प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० साठी बेथेस्डा सॉफ्टवर्क्सने प्रकाशित केली. तीत पहिले दोन डूम, रिझरेक्शन ऑफ ईव्हिल आणि ‘द लॉस्ट मिशन’ हा नवा भाग समाविष्ट होता. सर्वांत महत्त्वाचा बदल विजेरीचा होता. ती आता सैनिकाच्या चिलखतावर बसवलेली असून कोणतेही शस्त्र हाती असताना वापरता येते. मात्र तिची शक्ती मर्यादित असून ती पुन्हा भरण्यासाठी थोडा वेळ जाऊ द्यावा लागतो. याशिवाय परिसर अधिक उजळ करण्यात आला आणि दारूगोळा वाढवण्यात आला.

या बदलांमुळे जुन्या वादाचा निकाल लागेल अशी अपेक्षा होती, पण तसे झाले नाही. नव्या आवृत्तीला मूळ खेळापेक्षा बरेच कमी गुण मिळाले. आठ वर्षांत दृश्यांचे नावीन्य ओसरले होते, हे त्याचे एक कारण आहे. लढाई सोयीची झाली, पण मूळ भय पातळ झाले, अशीही टीका झाली. ज्या नियमाला दोष मानले गेले होते तो काढल्यावर त्याचे कार्य उघड झाले, असे या अनुभवाचे वर्णन करता येते. २०१९ मध्ये निन्टेन्डो स्विच, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन यांसाठी, तर २०२१ मध्ये प्लेस्टेशनच्या आभासी वास्तव उपकरणासाठी हा खेळ पुन्हा प्रकाशित झाला.

प्रभाव

आयडी टेक ४ इंजिनवर क्वेक ४ (२००५), प्रे (२००६), एनिमी टेरिटरी: क्वेक वॉर्स (२००७) आणि वुल्फेनस्टाइन (२००९) हे खेळ तयार झाले. २००५ च्या डूम या हॉलिवूडपटाने मंगळावरील तळ आणि त्याचे काळोखे वातावरण यांचा वापर केला. नोव्हेंबर २०११ मध्ये इंजिनचा स्रोतसंकेत जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला करण्यात आला. त्यापूर्वी एकस्वाच्या अडचणीमुळे सावलीमोजणीच्या संकेताचा काही भाग कारमॅक यांनी नव्याने लिहिला. यामुळे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका मोठ्या व्यावसायिक खेळाची अंतर्गत रचना अभ्यासता येऊ लागली.

मालिकेतील पुढचा खेळ, डूम (२०१६), हा मात्र भयापासून दूर गेला. त्याने उजेडातील वेगवान, आक्रमक लढाई पुन्हा स्वीकारली. डूम ३ चा मार्ग मालिकेत त्यामुळे एकटा राहिला.

दृश्यवैभव आणि खेळ यांच्या संबंधाचा प्रश्न नेमबाजी किंवा भय यांपुरता मर्यादित नाही. पुणे येथील नॉडिंग हेड्स गेम्सने तयार केलेला राजी: अ‍ॅन एन्शन्ट एपिक हा साहसी खेळ ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचसाठी आणि त्यानंतर इतर उपकरणांसाठी प्रकाशित झाला. भारतीय स्थापत्य आणि पौराणिक कथांवर आधारलेल्या त्याच्या दृश्यांची आंतरराष्ट्रीय समीक्षकांनी प्रशंसा केली. त्याच वर्षीच्या द गेम अवॉर्ड्‌समध्ये पदार्पणातील सर्वोत्तम स्वतंत्र खेळासाठी त्याला नामांकनही मिळाले. त्याची लढाईची रचना मात्र तितकी सफाईदार नसल्याचे अनेक समीक्षांत नोंदले गेले. राजीच्या बाबतीत दृश्ये आणि लढाई यांचे गुणदोष बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे सांगता येतात, कारण तेथे राजवाड्यांचे सौंदर्य लढाईचे नियम ठरवत नाही. डूम ३ मध्ये सावली हीच दृश्य आणि सावली हाच नियम असल्याने तसे करता येत नाही. प्रकाशनानंतर दोन दशके उलटूनही, त्याची दृश्ये तांत्रिकदृष्ट्या मागे पडलेली असताना, त्याची चर्चा होत राहण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.